टीव्हीच्या दुकानातली पोलरायझर शीट: माकुळाची नजर शिकवायला

अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत असाल, घरात फिशटँक असेल किंवा समुद्रातल्या प्राण्यांचं नुसतं वेड असेल, तरी ही शीट जरूर घ्या. मी बडोद्याला दांडिया बाजारात घरीच शिकवण्या घेते. प्राण्यांच्या डोळ्यांचा विषय निघाला की माकूळ, म्हणजे कटलफिश, येतंच. ‘त्याला ध्रुवीभूत प्रकाश ओळखता येतो’ हे वाक्य मुलं पाठ करतात आणि पुढे जातात. प्रकाशाची लहर आडवी थरथरते आहे की उभी, हे एखाद्या प्राण्याला दिसतं म्हणजे त्याला नक्की काय दिसतं, हे फळ्यावर बाण काढून मला कधीच नीट सांगता आलेलं नाही. साडेतीनशे रुपयांच्या या शीटने ते सांगता येतं. कुठपर्यंत सांगता येतं आणि कुठे ही शीट कमी पडते, दोन्ही लिहिते.

एलसीडी टीव्हीच्या काचेला पुढून आणि मागून जी फिल्म चिकटवलेली असते, तीच ही. एकाच दिशेने थरथरणारा प्रकाश ती आरपार सोडते, बाकीचा अडवते. पडद्याला ओल लागून डाग पडले की दुरुस्तीवाले जुनी फिल्म खरवडून नवी लावतात, म्हणून ती सुटी विकत मिळते. मी मरीमाता नो खांचो इथे मोबाईल-टीव्हीचे सुटे भाग विकणाऱ्या एका छोट्या दुकानातून घेतली, बत्तीस इंची टीव्हीची. भाईंनी आधी विचारलं, ‘‘बेन, ग्लॉसी जोईए के मॅट?’’ आणि मग, ‘‘झीरो डिग्री के पिस्तालीस?’’ दोन्ही प्रश्नांची उत्तरं घरूनच ठरवून जा. ग्लॉसी घ्या. मॅटचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत केलेला असतो, तिच्यातून पलीकडचं धूसर दिसतं. झीरो किंवा नव्वद डिग्री म्हणजे ज्या दिशेची लहर आरपार जाते ती दिशा शीटच्या कडेला समांतर असते, पंचेचाळीसमध्ये ती तिरकी असते. शिकवायला झीरोच सोयीची, कारण कडेला समांतर तुकडे कापले की कड बघून दिशा कळते.

काय करायचंय ते सांगितल्यावर भाईंनी गल्ल्यावरचा कॅल्क्युलेटर पुढे ओढला, शीटचा कोपरा त्यावर धरला आणि हळूहळू फिरवला. आकडे फिके होत होत पूर्ण काळोखात गेले. शीटची परीक्षा घ्यायची याहून सोपी रीत नाही. अर्धवट काळं होत असेल तर ती शीट घेऊ नका. त्यांनी मला सहा तुकडे कापूनही दिले, त्याचे पैसे घेतले नाहीत.

घरी आल्यावर एक काम मात्र नीट करावं लागतं. शीटच्या दोन्ही बाजूंना पातळ प्लास्टिकचं संरक्षक आवरण असतं, ते काढा. ते राहिलं तर त्यातून जाताना लहरीची दिशा बिघडते, आणि दोन तुकडे एकमेकांवर काटकोनात ठेवले तरी काळं होण्याऐवजी रंगीत पट्टे दिसतात. एका बाजूला गोंद असतो. ती बाजू मी फोटोफ्रेमच्या साध्या काचेवर चिकटवली आणि कडांना सेलोटेप लावली. मग दिशेची खात्री करायची. दुपारी खिडकीसमोरच्या फरशीवरची चकाकी शीटमधून बघा, शीट फिरवा. चकाकी जिथे सर्वांत कमी होते तिथे शीटची दिशा उभी आहे. मार्करने बाण काढून ठेवा.

पहिला धडा आमच्या सुरसागर तलावाच्या काठावर होतो. पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश बहुतेक आडवा थरथरतो आणि एका ठराविक कोनात तो जवळजवळ पूर्णच आडवा असतो. पाण्यासाठी हा कोन उभ्या रेषेपासून सुमारे 53 अंशांचा. आपले डोळे पाण्यापासून तीन मीटर उंच असतील, तर साधारण चार मीटर पुढचं पाणी बघायचं. बाण उभा धरला की तेवढ्या पट्ट्यातली आकाशाची चकाकी पुसली जाते आणि खालचं हिरवं पाणी, काठाच्या बुडालेल्या दगडांची कड, एखादं कासव वर येत असेल तर त्याची पाठ, असं सगळं दिसायला लागतं. बाण आडवा केला की पुन्हा नुसती चांदी. पाण्यात राहणारे कित्येक कीटक उडताना तळं शोधतात ते याच आडव्या चकाकीवरून. चकचकीत डांबरी रस्त्यालाही ते पाणी समजून त्यावर उतरतात आणि अंडी घालतात, हे मुलांना सांगितलं की ती गप्प होतात.

पण हे झालं पाण्याच्या वरचं. माकूळ राहतं पाण्यात, आणि बडोद्याला समुद्र नाही. गांधीच्या, म्हणजे जडीबुटीच्या, दुकानात समुद्रफेन मिळतो, म्हणजे माकुळाच्या पाठीतलं ते पांढरं हलकं हाड. माझ्या विद्यार्थ्यांनी माकुळाचं एवढंच पाहिलेलं असतं. म्हणून पाण्याखालचा प्रकाश बरणीत तयार करावा लागतो, आणि या शीटचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते इथे.

सरळ बाजूंची काचेची मोठी बरणी घ्या, पाणी भरा, त्यात दुधाचे थोडेच थेंब टाका आणि ढवळा. पाणी पांढरं व्हायला नको, किंचित निळसर झाक आली की थांबा. खोलीत अंधार करा आणि टॉर्च बरोबर वरून खाली सोडा, डोक्यावरच्या सूर्यासारखा. बाजूने बघितलं की पाण्यात प्रकाशाचा उभा खांब दिसतो. आता मध्ये शीट धरा. बाण आडवा असताना खांब उजळ. बाण उभा केला की खांब विझत जातो आणि बरणी जवळजवळ रिकामी दिसते. टॉर्चचा प्रकाश स्वतः कुठल्याच एका दिशेने थरथरत नाही. तो दुधाच्या बारीक कणांवर आपटून बाजूला वळतो तेव्हा त्याला दिशा मिळते. समुद्रात हेच काम पाण्याचे रेणू आणि बारीक कण करतात. त्यामुळे पाण्याखाली आडव्या नजरेला जो निळा उजेड चारही बाजूंना दिसतो, तो मुख्यतः आडवा थरथरणारा असतो, आणि स्वच्छ पाण्यात त्याचं ध्रुवीभवन निम्म्याहून जास्तही असू शकतं. टॅलबॉट वॉटरमन या जीवशास्त्रज्ञांनी समुद्राखालच्या ध्रुवीभवनाचा हा नमुना 1954 साली मांडला.

मग त्याच बरणीत चमचाभर दूध ओता. आता शीट कितीही फिरवा, फरक पडत नाही. प्रकाश इतक्या वेळा इकडून तिकडे आपटतो की दिशा हरवते. खंभातच्या आखाताचं गढूळ पाणी आणि प्रवाळ बेटांजवळचं नितळ पाणी यांत डोळ्यांसाठी काय फरक असेल, ते इथे एका चमच्यात कळतं. मला स्वतःला हा भाग सगळ्यांत आवडतो.

माझी भाची सई यंदा अकरावीला आहे. बरणी बघून झाल्यावर ती म्हणाली, ‘‘मावशी, आपण काच फिरवतो म्हणून फरक दिसतो. माकूळ काय फिरवतं?’’ इतका नेमका प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नव्हता.

उत्तर माकुळाच्या डोळ्याच्या रचनेत आहे. त्याच्या प्रकाशग्राही पेशींना अतिसूक्ष्म नळ्यांच्या रांगा असतात, कंगव्याच्या दातांसारख्या घट्ट. प्रकाश शोषणारे रेणू या नळ्यांमध्ये बऱ्यापैकी एका दिशेने मांडलेले असतात, त्यामुळे नळीला समांतर थरथरणारी लहर जास्त शोषली जाते. एका पेशीच्या नळ्या आडव्या, शेजारच्या पेशीच्या उभ्या. म्हणजे फिरवायची गरजच नाही, दोन्ही उत्तरं एकाच क्षणी मिळतात आणि त्यांची तुलना होते. आपल्या डोळ्यांत हे रेणू चकत्यांच्या पृष्ठभागावर सगळ्या दिशांना मोकळे फिरत असतात आणि प्रकाश समोरून येतो, म्हणून आपल्याला फरक जाणवत नाही. शिवाय माकूळ बहुधा रंगांध आहे, त्याच्या डोळ्यात एकच रंगद्रव्य असतं. ज्या पाण्यात काही मीटरवर लाल रंग संपतो आणि खाली नुसता निळा उरतो, तिथे रंगापेक्षा थरथरण्याची दिशा जास्त भरवशाची.

सईसाठी मी पुठ्ठ्याचा चष्मा केला. डाव्या डोळ्याला बाण उभा, उजव्याला आडवा. तो घालून सुरसागरच्या पाण्याकडे बघितलं की चकाकी पुसलीही जात नाही आणि नीट दिसतही नाही. ती धातूसारखी झळाळते आणि लुकलुकते, कारण एका डोळ्याला ती आहे आणि दुसऱ्याला नाही. बाकीचा घाट, झाडं, महादेवाची मूर्ती अगदी स्थिर. माकुळाला असंच दिसतं असा दावा मी करणार नाही, त्याचा मेंदू वेगळा आहे. पण ‘दिशेचा फरक नजरेत आपोआप उठून येणं’ म्हणजे काय, हे या चष्म्याने पोचतं. शीट घेणाऱ्या प्रत्येकाने हा चष्मा करावाच.

आता दुकानातलीच एक गोष्ट. भाईंच्या टेबलावर एक टीव्ही चालू होता, पुढची फिल्म खरवडलेला. पडदा पांढराफटक, नुसता उजेड. त्यांनी माझ्या हातात शीट दिली, मी डोळ्यासमोर धरली आणि बातम्या वाचणारी बाई दिसायला लागली. चित्र सतत तिथेच होतं, फक्त लहरींच्या दिशेत लिहिलेलं. माकुळाची परीक्षा संशोधकांनी याच युक्तीने घेतली. पुढची फिल्म काढलेल्या पडद्यावर त्यांनी असे आकार दाखवले, ज्यांत आणि मागच्या भागात फक्त दिशेचा फरक होता, उजेडाचा किंवा रंगाचा नाही. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या या कामात ऑस्ट्रेलियातल्या एका जातीच्या माकुळाने सुमारे एक अंशाचा फरकही ओळखला. एक अंश! माझ्या शीटवर एक अंश फिरवून दाखवायचा म्हटला तरी हाताला जमत नाही.

हे सगळं माकूळ कशासाठी वापरतं, याचा नमुना लॅपटॉप आणि कंपासपेटी यांत आहे. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा, समोर शीट धरून ते काळं होईपर्यंत फिरवा आणि मध्ये कंपासपेटीतला पारदर्शक कोनमापक सरकवा. काळ्या पडद्यावर कोनमापक रंगांनी पेटतो. मधल्या छिद्राभोवती आणि कडांना रंगांचे पट्टे दाट असतात, कारण साच्यात ओतताना तिथे प्लास्टिकवर जास्त ताण आलेला असतो. साध्या डोळ्यांना आरपार दिसणारी वस्तू दिशा बदलते म्हणून पकडली जाते. समुद्रातले कितीतरी बारीक जीव काचेसारखे पारदर्शक असतात, शिकाऱ्याला दिसू नये म्हणून. पण त्यांच्या शरीरातल्या ऊती लहरीची दिशा बदलतात. 1998 साली नदाव शाशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ध्रुवीभूत प्रकाशात नळ माकूळ, म्हणजे स्क्विड, पारदर्शक भक्ष्यावर जास्त लांबून झडप घालतं. मुलांना हा कोनमापकाचा प्रयोग दाखवल्यावर वेगळं समजवावं लागत नाही.

चंदेरी मासे हाही असाच एक मासला. आरशासारखी त्वचा म्हणजे लपायची सोय, पण साधा आरसा काही कोनांत दिशा बदलतो आणि माकुळासारख्या डोळ्याला चुगली करतो. हेरिंग, स्प्रॅट आणि सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातले मासे, त्यांच्या त्वचेत ग्वानिन या पदार्थाचे दोन प्रकारचे स्फटिक असे मिसळलेले असतात की परावर्तनात दिशेचा ठसा जवळजवळ उमटत नाही. हे 2012 मधलंच काम. मी स्टीलच्या ताटाची आणि काचेची चकाकी शीटमधून शेजारी शेजारी दाखवते. काचेची जाते, स्टीलची फारशी हलत नाही. मासा दाखवता येत नाही, पण प्रश्न कळतो.

माकूळ या दिशांनी एकमेकांशी बोलतं का, हे मुलं हमखास विचारतात. त्याच्या हातांवर आणि डोळ्यांभोवती दिशेचे ठळक पट्टे असतात, आणि ते दडून बसलं किंवा शिकारीला निघालं की हे पट्टे मावळतात, इतकं 1996 पासून माहीत आहे. मुलांना मी तेवढंच सांगते.

शीट कमी पडते ती मँटिस श्रिंप या कोळंबीसारख्या समुद्री प्राण्यापाशी. खरं तर सईच्या प्रश्नाचं दुसरं उत्तर हा प्राणी आहे, कारण तो खरोखर फिरवतो. त्याचे डोळे देठांवर असतात, दोन्ही स्वतंत्रपणे हलतात आणि जागच्या जागी गोल वळतातही. वस्तू आणि मागचं पाणी यांतला दिशेचा फरक वाढावा म्हणून ते डोळे फिरवतात, हे 2016 मध्ये दाखवलं गेलं. आपण काच जशी मनगटाने वळवतो, तसा तो डोळाच वळवतो. इथपर्यंत शीट साथ देते. पण याच्या काही जातींना वर्तुळाकार ध्रुवीभूत प्रकाशही ओळखता येतो, ज्यात लहरीची दिशा पुढे जाता जाता मळसूत्रासारखी फिरत असते. 2008 साली हे प्रसिद्ध झालं, आणि दुसऱ्या कुठल्या प्राण्यात ते तोवर माहीत नव्हतं. डोळ्याच्या मधल्या पट्ट्यातली वरची पेशी फिरत्या लहरीला आधी सरळ करते, मग खालच्या पेशी ती वाचतात. काही जातींच्या शरीरावरून असा प्रकाश परततो, आणि 2015 च्या एका अभ्यासात असा प्रकाश येणाऱ्या बिळात शिरायचं या प्राण्यांनी टाळलं. बहुधा आत दुसरा कुणी आहे असा त्याचा अर्थ.

साधी शीट डावी फिरकी आणि उजवी फिरकी यांत फरक करू शकत नाही. त्यासाठी थिएटरातला बिनबॅटरीचा थ्रीडी चष्मा जवळ असेल तर काढा. तो घालून आरशासमोर उभे राहा आणि एक डोळा मिटा. उघड्या डोळ्यासमोरची काच आरशात काळी दिसली आणि मिटलेला डोळा नीट दिसला, तर चष्मा वर्तुळाकार प्रकाशाचा आहे. आरशावर आपटून फिरकी उलटते आणि परत येताना तिला वाट मिळत नाही. मँटिस श्रिंपची ती पेशी याच कामाची आहे, फक्त ती जवळजवळ सगळ्या दृश्य रंगांना सारखं काम करते, आणि चष्म्यातल्या फिल्मला तेवढं जमत नाही.

बाकी तक्रारी किरकोळ. दोन तुकडे काटकोनात धरल्यावर अगदी शुद्ध काळं होत नाही, जांभळट झाक राहते. ओरखडे लवकर पडतात, म्हणून तुकड्यांमध्ये बटर पेपर ठेवते. मे महिन्यात गच्चीवर विसरलात तर गोंदात बुडबुडे येतात आणि कडा वळतात. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवर जाताना मात्र एक तुकडा खिशात असू द्या. सूर्य मावळताना डोक्यावरच्या निळ्या आकाशाकडे बघत शीट फिरवली की आकाशाचा पट्टा गडद होतो. मधमाश्या आकाशातल्या याच थरथरण्याच्या दिशेवरून वाट ओळखतात, हे प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी 1949 साली दाखवलं. सूर्याकडे मात्र या शीटमधून कधीही बघू नका. दोन तुकडे काटकोनात ठेवून बघण्याचं तर नावच नको. डोळ्याला इजा करणारे अदृश्य किरण ती पूर्ण अडवत नाही.

पोलराइज्ड गॉगल असेल तर शीट कशाला, असं एका ओळखीच्या शिक्षकांनी विचारलं. गॉगलची दिशा ठरलेली असते, उभी, आणि तो चकाकी घालवतो तेवढंच. समुद्रातल्या प्राण्याला जी माहिती हवी असते ती तो टाकून देतो. शिवाय रंगीत काचेमुळे बरणीचा प्रयोग फिका पडतो. कॅमेऱ्याचा फिल्टर महाग, आणि एकाच बाजूने चालतो.

पाचपैकी साडेचार. दुकानात ‘टीव्हीची पोलरायझर, बत्तीस इंची, ग्लॉसी, झीरो डिग्री’ एवढं सांगा आणि कॅल्क्युलेटरवर फिरवून घ्या. एका शीटमध्ये वर्गातल्या प्रत्येक मुलाला वहीच्या अर्ध्या पानाएवढा तुकडा येतो. वर्तुळाकार फिल्म भाई ठेवत नाहीत, मी त्यांना मागवायला सांगितली आहे. तोवर मँटिस श्रिंपचा धडा थ्रीडी चष्म्यावर चालू आहे.